शेअर बाजारातील कलनिर्णय

शेअरांच्या किंमतींची सर्वसाधारण दिशा चढती, उतरती की स्थिर आहे, हे मागील किंमती व उलाढाल यांवरून गणिती साधनांच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धती. ह्या साधनांना तांत्रिक निर्देशक व किंमतींच्या दिशेस कल असे म्हणतात. चढत्या कलास तेजी व उतरत्या कलास मंदी ही नावे व्यवहारात रूढ आहेत. शेअर कोणता घ्यावा, यापेक्षा तो केव्हा घ्यावा व केव्हा विकावा, या प्रश्नाशी कलनिर्णयाचा अधिक संबंध येतो.

शेअरांचा अभ्यास दोन प्रकारे करतात. मूलभूत विश्लेषणात कंपनीची मालमत्ता, नफा, कर्ज व तिच्या मालाची मागणी यांचा विचार होतो. उदा., यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन येथे २०२२ मध्ये वार्षिक ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. तो आरसीसीपीएल या कंपनीचा असून ही कंपनी बिर्ला कॉर्पोरेशनची उपकंपनी आहे. शेअर बाजारात व्यवहार होतात ते मूळ कंपनीच्या शेअरांचे. मूलभूत विश्लेषण करणारा चुनखडीचा साठा, कोळशाचा भाव, वाहतूक खर्च व नव्या कारखान्यासाठी काढलेले कर्ज यांची चौकशी करील. तांत्रिक विश्लेषण करणारा यांपैकी काहीही न विचारता केवळ शेअरच्या किंमतींचा आलेख पाहील. ही सर्व माहिती व तिच्याविषयीची लोकांची मते किंमतीत अगोदरच उतरलेली असतात, हे त्याचे गृहीतकृत्य होय.

इतिहास : अठराव्या शतकात जपानमधील ओसाका येथील दोजिमा तांदूळ बाजारात भावांच्या नोंदींवरून अंदाज बांधण्याची प्रथा होती. कँडलस्टिक आलेखांची परंपरा होम्मा मुनेहिसा (१७२४–१८०३) या तांदूळ व्यापाऱ्याशी जोडली जाते. अमेरिकेत चार्ल्स डाऊ (१८५१–१९०२) याने १८९६ मध्ये औद्योगिक शेअरांची सरासरी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्याच्या लेखांवरून पुढे ‘डाऊ सिद्धांत’ मांडला गेला. त्यानुसार बाजारात तीन कल एकाच वेळी वावरतात : वर्षभर वा अधिक काळ टिकणारा मुख्य कल, काही आठवडे ते काही महिने चालणारा दुय्यम कल व दैनंदिन चढउतार. प्रत्येक नवे शिखर व प्रत्येक नवा तळ आधीच्यापेक्षा उंच असल्यास कल चढता, व दोन्ही खाली येत गेल्यास उतरता समजतात.

मुंबईत अशी साधने येण्यापूर्वीच कलाच्या चुकीच्या अंदाजाचे परिणाम अनुभवास आले होते. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) हिंदी कापसाचे भाव भडकले आणि कापसाचा पैसा मुंबईतील शेअरांच्या सट्ट्यात उतरला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बाँबेचा शेअर ८७ रुपयांस विकावा लागला. पुढे १८७५ मध्ये मुंबई शेअर बाजाराची संघटना स्थापन झाली. बाजाराचा एकूण कल दाखविणारा ‘सेन्सेक्स’ हा निर्देशांक १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला (पायाभूत वर्ष १९७८-७९ = १००). राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘निफ्टी’ १९९६ मध्ये आला. संगणकीय व्यवहार व नंतर भ्रमणध्वनी यांमुळे हे आलेख आता खेडोपाडी सहज उपलब्ध झाले आहेत.

चल सरासरी : सर्वांत जुना व सोपा निर्देशक. ठराविक दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढून रोज नवा भाव मिळविला व सर्वांत जुना वगळला, म्हणजे चल सरासरी मिळते. समजा, एका शेअरचे पाच दिवसांचे बंद भाव १००, १०२, १०१, १०४ व १०८ रुपये आहेत. त्यांची सरासरी १०३ रुपये येते. सहाव्या दिवशी भाव ११० झाल्यास सरासरी १०५ होते. सातव्या दिवशी भाव एकदम ९८ वर घसरला, तर सरासरी १०४.२ होते. भाव १२ रुपयांनी पडला, तरी सरासरी केवळ ८० पैशांनी उतरली. किरकोळ चढउतार गाळून टाकणे हा सरासरीचा गुण आणि खऱ्या बदलाची वार्ता उशिरा देणे हा तिचा दोष. दोन्ही एकाच कारणातून उद्‌भवतात. दिवसांची संख्या वाढविली की खोट्या सूचना कमी होतात, पण विलंब वाढतो; ती घटविली की याच्या उलट घडते. हा विलंब काहीसा कमी करण्यासाठी अलीकडच्या भावांस अधिक भार देणारी घातीय सरासरी वापरतात. भाव सरासरीच्या वर असल्यास कल चढता, खाली असल्यास उतरता मानतात. दीर्घ कलासाठी २०० दिवसांची व मध्यम कलासाठी ५० दिवसांची सरासरी प्रचारात आहे.

अन्य निर्देशक : जेरल्ड ॲपेल याने १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेल्या ‘एमएसीडी’ या निर्देशकात १२ व २६ दिवसांच्या घातीय सरासऱ्यांतील फरक काढतात. हा फरक स्वतःच्या ९ दिवसांच्या सरासरीस छेदून वर गेल्यास तेजीची, खाली आल्यास मंदीची सूचना समजतात. वेल्स वाइल्डर (१९३५–२०२१) या अमेरिकन अभियंत्याने १९७८ मध्ये अनेक निर्देशक एकत्र मांडले. त्यांपैकी सापेक्ष बल निर्देशांक किंवा ‘आरएसआय’ हा साधारणपणे १४ दिवसांतील सरासरी वाढ व सरासरी घट यांच्या गुणोत्तरावरून ० ते १०० या मापावर काढतात. सरासरी वाढ ३ रुपये व घट १ रुपया असल्यास निर्देशांक ७५ येतो. ७० च्या वर खरेदीचा व ३० च्या खाली विक्रीचा अतिरेक झाला असे मानण्याचा प्रघात आहे. तथापि जोरदार तेजीत हा निर्देशांक दीर्घकाळ ७० च्या आसपास वा वर राहू शकतो. म्हणून केवळ त्यावरून शेअर विकणे इष्ट ठरत नाही. वाइल्डरचाच ‘एडीएक्स’ हा निर्देशक कलाची दिशा नव्हे, तर त्याचा जोर मोजतो. तो २५ च्या वर असल्यास कल बळकट, व २० च्या खाली असल्यास बाजार दिशाहीन समजतात.

उपयुक्तता व विलंब : कोव्हिड साथीच्या काळातील सेन्सेक्सचे आकडे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. १४ जानेवारी २०२० रोजी तो ४१,९५२ वर बंद झाला. २८ फेब्रुवारीस तो ३८,२९७ वर, म्हणजे २०० दिवसांच्या सरासरीखाली होता. तोपर्यंत सु. ९ टक्के घसरण होऊन गेली होती. परंतु २३ मार्चच्या २५,९८१ या पातळीपर्यंतची आणखी सु. ३२ टक्के घसरण पुढे होती. सरासरीचा नियम पाळणारा तिच्यातून वाचला असता. मात्र निर्देशांक त्या सरासरीवर परतला तो जुलै २०२० मध्ये; तेव्हा तळापासूनची सु. ४० टक्के वाढ त्याच्या हातून निसटलेली असती. निर्देशक शिखर किंवा तळ दाखवीत नाही. कल बदलल्यानंतर त्याची साक्ष देतो.

मर्यादा : (१) बाजार दिशाहीन असताना भाव सरासरीस वारंवार छेदतो व प्रत्येक छेद खोटी सूचना ठरतो. दलाली, व्यवहार कर व घेण्या-विकण्याच्या भावांतील फरक यांमुळे प्रत्येक फेरीत थोडे नुकसान होते. (२) बहुतेक निर्देशक त्याच किंमतींपासून काढलेले असतात. तीन निर्देशकांचे एकमत हे तीन स्वतंत्र साक्षीदारांचे एकमत नव्हे. एकाच साक्षीदाराचे म्हणणे तीनदा ऐकण्यासारखे ते आहे. (३) अल्प उलाढालीच्या शेअरचा भाव थोड्या व्यक्तींना संगनमताने चढविता येतो. अशा आलेखातील कल बनावट असू शकतो. (४) बोनस शेअर किंवा शेअर-विभाजन यांनंतर जुने भाव त्या प्रमाणात सुधारून न घेतल्यास आलेखात खोटी घसरण दिसते.

निर्देशकांनी खरोखर लाभ होतो काय, याविषयी मतभेद आहेत. सर्व ज्ञात माहिती किंमतीत तत्काळ उतरते, हा कार्यक्षम बाजाराचा सिद्धांत यूजीन फामा यांनी १९७० मध्ये साकल्याने मांडला. तो पूर्णतः खरा असेल, तर मागील किंमतींवरून लाभ मिळविणे अशक्य ठरते. उलट, १९९२ मध्ये ब्रॉक, लाकोनिशोक व लबॅरन यांना डाऊ सरासरीच्या १८९७–१९८६ या काळातील आकड्यांत चल सरासरीचे नियम अर्थपूर्ण आढळले. १९९९ मध्ये सलिव्हन, टिमरमन व व्हाइट यांनी हजारो नियम तपासून दाखविले की, सर्वोत्कृष्ट ठरलेला नियम त्यानंतरच्या दहा वर्षांत टिकला नाही. पुष्कळ नियम जुन्या आकड्यांवर ताडून पाहिल्यास त्यांतील काही निव्वळ योगायोगानेही यशस्वी दिसतात.

लहान गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा वाद केवळ तात्त्विक नाही. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व विकल्प व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. तो सरासरीने दरडोई सु. २ लाख रुपये होता. एकाच दिवसात शेअर घेऊन विकणाऱ्यांपैकी २०२२-२३ मध्ये दर दहांत सात जण तोट्यात होते व व्यवहारांची संख्या वाढेल तसे हे प्रमाण वाढत गेलेले आढळले. कापसाच्या एका हंगामावर वर्षाची शिल्लक अवलंबून असणाऱ्या मुकुटबन परिसरासारख्या भागातील कुटुंबास असा तोटा सहज भरून काढता येत नाही. मोबदला घेऊन शेअरविषयी सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी असणे आवश्यक आहे. खात्रीच्या लाभाचे आश्वासन देणाऱ्याच्या आलेखांवर विसंबणे धोक्याचे ठरते.

व्यवहारात निर्देशकांचा वापर करताना प्रथम दीर्घ सरासरीवरून मुख्य कल पाहणे, त्याचा जोर तपासणे, उलाढालीची साथ आहे की नाही हे पाहणे आणि भाव विरुद्ध गेल्यास कोणत्या किंमतीस बाहेर पडावयाचे, हे खरेदीपूर्वीच ठरविणे, हा क्रम सुरक्षित मानला जातो. तोट्याची मर्यादा निर्देशक ठरवीत नाही. ती गुंतवणूकदारालाच ठरवावी लागते.