चाचेपटांतील दोषविचार

चित्रपटातील चुका हुडकणे हा प्रेक्षकांचा जुना छंद आहे. डाव्या दंडावरची जखम पुढल्या दृश्यात उजव्या दंडावर जाते, वादळात फाटलेले शीड क्षणार्धात अखंड होते. ह्यांना सातत्यदोष म्हणता येईल. एखादे पात्र स्वभावाला किंवा परिस्थितीला सोडून वागते आणि केवळ त्यामुळेच कथा पुढे सरकते, तेव्हा मात्र ते कथानकातील छिद्र ठरते. हे दोन्ही दोष सामान्यतः एकाच यादीत मोजले जातात. त्यांचे वजन सारखे आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

ह्या विचारास मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, निर्माण झालेला ‘आयिरत्तिल ओरुवन’ हा तमिळ चित्रपट चांगला आधार देतो. बी. आर. पंतुलु यांनी दिग्दर्शित केलेला, एम. जी. रामचंद्रन व जयललिता यांच्या भूमिका असलेला हा चाचेपट १९६५ साली पडद्यावर आला आणि २०१४ साली अंकीय रूपात पुन्हा प्रदर्शित झाला. त्याचे मूळ राफाएल सॅबातिनीच्या ‘कॅप्टन ब्लड’ ह्या १९२२च्या कादंबरीत व तिच्यावरील १९३५च्या अमेरिकन चित्रपटात आहे. जखमी बंडखोरांवर उपचार करणारा वैद्य राजद्रोही ठरतो, गुलाम म्हणून बेटावर धाडला जातो आणि परिस्थितीच्या दडपणाने चाचा बनतो, हा त्याचा गाभा.

समुद्रावरील चित्रपटात सातत्यदोष जवळजवळ अटळ असतात. दृश्ये कथेच्या क्रमाने टिपली जात नाहीत. ऊन, भरती आणि वारा दिग्दर्शकाची वाट पाहत नाहीत. गलबताचा बाह्यभाग उघड्या समुद्रावर व अंतर्भाग कलागृहात चित्रित होतो. १९३५च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्ये तर १९२४च्या ‘द सी हॉक’ ह्या मूकपटातील युद्धदृश्यांचे तुकडे जोडलेले आहेत. तरीही नायक कोणासाठी व का लढतो आहे, ह्याविषयी प्रेक्षकाच्या मनात संदेह उरत नाही.

अॅरिस्टॉटलने काव्यातील चुकांचे दोन वर्ग केले: एक काव्यकलेच्या मर्मातच घडणारी, दुसरी आनुषंगिक. हरिणीला शिंगे नसतात हे ठाऊक नसणे हा त्याच्या मते लहान दोष. ती ओळखूच येऊ नये असे तिचे चित्र काढणे हा मोठा. आपल्याकडे मम्मटाने मुख्य अर्थाचा घात करतो तोच दोष, असे म्हटले. ही कसोटी चित्रपटालाही लागू पडते.

‘कॅप्टन ब्लड’मध्ये १६८५चे मॉन्मथचे बंड वैद्याला गुलाम करते, आणि १६८८ची राज्यक्रांती त्याला मुक्ती देते. राजा बदलला म्हणून कालचा गुन्हेगार आज राज्यपाल होतो. तमिळ कथा कालनिर्देश नसलेल्या ‘नेय्दल’ देशात घडते. इतिहासाचा हा बाहेरचा खांब तिला उपलब्ध नाही. हा देश नकाशावर कोठे आहे, असे विचारणारा टीकाकार मात्र प्रश्न चुकतो. संघकाव्याच्या तिणै-संकेतात नेय्दल म्हणजे समुद्रकाठचा प्रदेश. विरह आणि प्रतीक्षा हा त्याचा भाव. तमिळ रसिकास त्या नावातूनच काव्यभूमीची सूचना मिळते. तेव्हा भूगोलाचा अभाव हे छिद्र नव्हे. खरा भार दुसरीकडे पडतो. बाहेरून न्याय देणारा राजा नसल्याने सुटकेचे कारण पात्रांच्या आचरणातूनच निर्माण व्हावे लागते. हाती तलवार आली तरी नायकातला वैद्य शिल्लक राहतो की नाही, ही ह्या कथेची निर्णायक परीक्षा होय. तेथे दुवा तुटला तर एकही शीड न चुकलेला चित्रपटदेखील सदोष ठरेल.

मराठी वाचकास येथे प्रभातच्या ‘अमर ज्योति’ची आठवण होणे साहजिक आहे. व्ही. शांताराम यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेल्या ह्या हिंदी चित्रपटात दुर्गा खोटे यांची सौदामिनी मुलाचा ताबा नाकारला गेल्याने चाच्यांची नायिका बनते. पुढे भेटणारा गुराखी तिचाच हरवलेला पुत्र निघतो. हा योगायोग व्यवहारात असंभाव्य खरा. परंतु ज्या दुःखातून तिची चाचेगिरी जन्मली त्याच दुःखाशी तो कथेला परत आणतो. क्षेमेंद्राच्या भाषेत त्याला औचित्य आहे. उलट, केवळ शेवट गोड व्हावा म्हणून आणलेला योगायोग, तो कितीही संभाव्य असो, कथेला परकाच राहतो.

चुका मोजणाऱ्या प्रेक्षकाला म्हणून हसू नये. तो सावधपणे पाहतो आहे, ही गोष्ट कलेच्या हिताचीच आहे. टीकाकाराचे काम त्याच्या यादीतून कोणती चूक कथेच्या हेतूला जाऊन भिडते ते निवडून काढण्याचे आहे. अन्यथा दंडावरच्या जखमेची जागा आपण काटेकोरपणे तपासू आणि ती जखम नायकाने कशासाठी सोसली हे विचारावयाचे विसरून जाऊ.