न आलेल्या रुग्णाची नोंद

केसपेपरवर नोंद होते ती आलेल्या माणसाची. जो आला नाही, त्याच्यासाठी कागदावर ओळच नसते. ताप-खोकल्याच्या ओपीडीत याने फारसं बिघडत नाही. माणूस फिरकला नाही म्हणजे बहुधा बरा झाला. मानसिक आजारात गणित उलटं असतं. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण तारखेला आला नाही, तर गोळ्या संपल्या असतील, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्याने त्या सोडल्या असतील, नाहीतर आजाराने पुन्हा डोकं वर काढलं असेल. महिन्याचं इंजेक्शन चुकलं तरी दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही. औषध शरीरातून सावकाश उतरतं आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत काही आठवडे निघून गेलेले असतात.

मनोरुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा अगदी साधा आहे. रोज संध्याकाळी एक यादी निघते: आज यांची तारीख होती, हे आले नाहीत. ती यादी समाजसेवकाच्या किंवा आशाताईंच्या हातात पडली की कुणीतरी फोन करतं, कुणीतरी दारात जाऊन येतं. वहीतूनही ही यादी काढता येते, नाही असं नाही. पण दोनशे रुग्णांची ओपीडी उरकल्यावर वह्या चाळत कोण बसणार?

सातारा आणि सांगलीत याची गरज जरा जास्तच, कारण इथला माणूस एका जागी नसतो. विटा-आटपाडीकडची गलाई व्यावसायिकांची कुटुंबं सोनं-चांदी गाळायला देशभरच्या सराफ बाजारांत पांगलेली. पाटण, जावळीचे लोक मुंबईत माथाडी. उलट बाजूने, कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले की बीडकडच्या टोळ्या ऊस तोडायला इथे उतरतात. उपचार एका गावी सुरू, मुक्काम दुसऱ्या गावी, आणि दोन्हींना जोडणारी एक प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात चुरगळलेल्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटं, जुना रक्ततपासणीचा कागद. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा सांगलीतल्या घरांत माळ्यावर काय चढवायचं हे ठरवायला फार वेळ नव्हता. अशा घाईत ही पिशवी कुणाला आठवणार?

पिशवी हरवली म्हणजे नेमकं काय हरवतं, ते लिथियमच्या उदाहरणात नीट दिसतं. उन्माद आणि उदासी यांच्यात हेलकावणाऱ्या आजारावर हे जुनं आणि गुणकारी औषध. पण त्याची वाट अरुंद. रक्तातलं प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलीइक्विव्हॅलंट ठेवायचं. ते दीडच्या पुढे गेलं की विषबाधेची भीती. मूत्रपिंड लिथियमला बरंचसं मिठातल्या सोडियमसारखं वागवतं. माण-खटावच्या उन्हात घाम गाळून शरीर कोरडं पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. त्यात गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणलं, तर लिथियम बाहेर पडणं आणखी मंदावतं. मानसोपचारतज्ज्ञाला गुडघ्याची गोळी ठाऊक नसते, हाडांच्या डॉक्टरला लिथियम ठाऊक नसतं. दोन्ही औषधं एकाच नोंदीत दिसली तर संगणक दुसरी गोळी लिहिताना तिथेच अडवू शकतो.

दुसरं उदाहरण विडीचं. क्लोझापिन नावाच्या औषधाला यकृतातलं एक विकर मोडतं, आणि धुरातली रसायनं त्या विकराला जोर आणतात. म्हणून विडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. तोच रुग्ण दारू सोडायला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि तिथे विडीही सुटली, की जुन्याच डोसवर रक्तातलं औषध दीडपटही होऊ शकतं. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे. मळून खाल्लेल्या तंबाखूने तो होत नाही. म्हणजे नोंदीत नुसतं ‘तंबाखू: आहे’ लिहून भागत नाही, ओढतो की मळतो, हेही हवं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या ‘परिवर्तन’ या संस्थेमुळे साताऱ्याला व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य ही कामं शेजारी शेजारी पाहायची सवय आहे. नोंदीही तशाच शेजारी हव्यात.

म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटक. तिथे बंगळुरूच्या निम्हान्स आणि आयआयआयटी या संस्थांच्या साहाय्याने २०२१मध्ये मानसिक आरोग्याच्या नोंदींची ‘ई-मानस’ ही राज्यव्यापी प्रणाली सुरू झाली. केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही त्याच वर्षी चौदा आकडी ‘आभा’ क्रमांकाची सोय केली. रुग्णाने संमती दिली तर एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्यात उघडते. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला स्वतःची नोंद पाहण्याचा हक्क देतो आणि ती गुप्त ठेवण्याचाही.

गुप्ततेचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नये. फिनलंडमध्ये ‘वास्तामो’ या समुपदेशन संस्थेच्या नोंदी चोरल्या गेल्या आणि २०२०मध्ये हजारो रुग्णांना थेट खंडणीचे संदेश आले. आपल्याकडे एवढा मोठा चोर लागत नाही. दवाखान्यातल्या संगणकावर बसणारा मुलगा सोयऱ्यातला निघाला, तरी जमत आलेली सोयरीक फिसकटते. यावर उपाय आहे: समुपदेशनाचे तपशील वेगळ्या कुलपात, आणि कुणी कधी फाईल उघडली याची न पुसता येणारी नोंद. कागदाच्या कपाटाला ही सोय कधीच नव्हती. तरीही कुलूप कंपनीच्या हाती देताना जपावं. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची संगणक प्रणाली २०२२मध्ये कंपनीशी झालेल्या वादात बंद पडली आणि डॉक्टर पुन्हा कागदावर आले.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. संगणकाला तयार पर्याय आवडतात. माणसं तसं बोलत नाहीत. ‘डोक्यात मुंग्या चालतात’, ‘जीव थाऱ्यावर नाही’, ‘बाहेरचं काहीतरी झालंय’. यातलं प्रत्येक वाक्य तज्ज्ञाला काही सांगत असतं आणि ‘चिंता’ या चौकटीवर टिचकी मारली की ते नाहीसं होतं. न आलेल्यांच्या यादीचंही तसंच. ‘न येण्याचं कारण’ या रकान्यात ‘आर्थिक’, ‘वैयक्तिक’, ‘इतर’ एवढंच असेल तर आशाताई ‘इतर’ निवडून मोकळ्या होतील. तिथे ‘म्हैस व्याली’ असं लिहायला जागा हवी.