गोठलेला नळ का फुटतो?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी पडली. एरवी हा प्रदेश उबदार. त्यामुळे तेथील कित्येक घरांत पाण्याचे नळ पोटमाळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतींतून नेलेले असतात. तापमान शून्याच्या बरेच खाली उतरले, त्यातच वीज गेली, घरे थंड पडली आणि नळ गोठून फुटले. बर्फ वितळताच घरोघरी छतातून पाणी कोसळू लागले. एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली.

नळ का फुटले? पाणी गोठताना प्रसरण पावते, हे तुम्ही शिकला आहात. १०० घन सेंटिमीटर पाण्याचा सुमारे १०९ घन सेंटिमीटर बर्फ होतो. तेव्हा बर्फाने नळाला आतून रेटले व नळ तडकला, असे उत्तर सहज सुचेल. पण मग एक कोडे पडते. पुष्कळदा नळ फुटतो तो बर्फ असलेल्या जागी नव्हे, तर त्यापासून दूर!

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झालेल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचा उलगडा केला. नळात आधी एखाद्या थंड जागी बर्फाचे बूच तयार होते. ते वाढते तसे समोरचे पाणी पुढे ढकलते. तोटी बंद असेल तर हे पाणी जाणार कोठे? बूच आणि तोटी यांच्यामध्ये ते कोंडले जाते. पाणी सहजासहजी दाबले जात नाही. त्याचे आकारमान अवघे एक टक्का घटवायचे तर वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाब लागतो. म्हणून बूच थोडेसे वाढले तरी दाब भराभर चढतो आणि नळ जेथे कच्चा असेल तेथे फुटतो.

आता उपाय आपोआप सुचतात. तोटी किंचित उघडी ठेवली, तर थेंबाथेंबाने पाणी बाहेर पडते व दाब वाढत नाही. नळांना उष्णतारोधक आवरण घातल्यास गोठण्याची क्रिया लांबते. बाहेरचे तापमान उणे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले, की आवरण नसलेल्या नळांना धोका संभवतो, असे वरील संशोधनात दिसून आले.

मात्र शहरभर तोट्या चालू राहिल्या तर? २०२१ मध्ये ह्यूस्टन शहरात पाण्याचा दाब इतका घटला, की तोट्या चालू ठेवू नका, असे नागरिकांना सांगावे लागले. अशा वेळी मुख्य कॉक बंद करून नळ रिकामे करणे उत्तम. ज्यात पाणीच नाही तो नळ गोठून फुटणार कसा?

गोठलेला नळ मोकळा करतानाही हेच तत्त्व ध्यानात ठेवावे. आधी तोटी उघडावी, मग तोटीच्या बाजूने केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा गरम फडक्याने हळूहळू ऊब द्यावी. ज्योत कधीही लावू नये. मधूनच ऊब दिली तर काय होईल? विचार करा!