खांदा निखळला, पण नेमका कुठे?

हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत खांद्यावर पडण्याचे प्रसंग वर्षभर येतात. यात्रेतल्या फडात पैलवान खांद्यावर आदळतो, अकोला-नांदेड महामार्गावर मोटारसायकल घसरते, हळदीचे पोते पाठीवर घेतलेल्या हमालाचा पाय फळीवरून सरकतो. जमलेली माणसे म्हणतात, ‘खांदा निखळला’, आणि कुणीतरी हात धरून ओढायला पुढे येतो. इथेच घात होतो.

खांद्यात एकाहून अधिक सांधे असतात. दंडाच्या हाडाचा गोळा खवाट्याच्या खोबणीत बसतो, तो मुख्य सांधा. 23 मार्च 2021 रोजी गहुंजे येथे इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचा सरकला तो हाच. दुसरा सांधा त्याच्या वर आहे. गळ्याकडून येणारे कॉलरबोन आणि खवाट्याचे टोक जिथे जुळतात, त्याला डॉक्टर ‘एसी जॉइंट’ म्हणतात. माणूस खांद्याच्या टोकावर पडला की खवाटा खाली ढकलला जातो, कॉलरबोन मात्र जागेवर राहते आणि दोघांना बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणतात किंवा तुटतात. खांद्यावर उंचवटा दिसतो. तो दाबला की हार्मोनियमच्या पट्टीसारखा खाली जातो आणि सोडताच वर येतो.

ही इजा फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याला कुस्ती खेळताना ती झाली होती आणि त्याने स्वतःच ती लिहून ठेवली. आज डॉक्टर तिची प्रतवारी करतात ती अस्थिशल्यविशारद रॉकवुड यांनी 1984 मध्ये मांडलेल्या सहा प्रकारांनुसार. पहिल्या प्रकारात सांध्याचे अस्थिबंध फक्त ताणतात. दुसऱ्यात ते तुटतात, पण कॉलरबोनला खालून धरून ठेवणारे बळकट अस्थिबंध टिकून असतात. तिसऱ्यात तेही तुटतात आणि हाड स्पष्ट वर येते. चौथ्या ते सहाव्या प्रकारांत हाड मागे, फार वर किंवा क्वचित खाली सरकते. दोन्ही खांद्यांचे एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो.

पहिल्या दोन प्रकारांना ऑपरेशन लागत नाही. एक-दोन आठवडे हात झोळीत, सुरुवातीला बर्फाचा शेक, वेदनाशामक गोळ्या आणि दुखणे ओसरताच व्यायाम. तिसऱ्या प्रकारातही बहुतेकांना आधी हेच उपचार देतात. उंचवटा कायम राहतो, पण हात कामाचा होतो. अवजड काम करणाऱ्याला किंवा खेळाडूला त्रास उरला, तर ऑपरेशनचा विचार होतो. चौथ्यापासून पुढे मात्र शस्त्रक्रियाच बहुधा योग्य ठरते. त्यात हूक प्लेट (आकडा असलेली धातूची पट्टी) बसवतात, मजबूत दोऱ्याने हाड खाली बांधतात किंवा शरीरातलाच स्नायुबंध वापरून नवा अस्थिबंध तयार करतात. हूक प्लेट काही महिन्यांनी काढावी लागते.

आपल्याकडे हळद पिकते आणि मार लागला की लेपही हळदीचाच लागतो. लेप लावायला हरकत नाही, पण तुटलेला अस्थिबंध त्याने जुळत नाही. ओढाताण आणि जोरकस मालिश तर कटाक्षाने टाळावी, कारण एक्स-रे होईपर्यंत हाड मोडले आहे की सांधा सुटला आहे, हे वरून सांगता येत नाही. झोळीही गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवू नये. मुख्य सांधा आखडला की तो मोकळा करायला महिने जातात.

खांद्यावर पडलात तर हात पोटाशी धरा, उपरण्याची झोळी करा आणि त्याच दिवशी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. बोटे बधिर किंवा गार पडली, श्वास घेताना दुखले किंवा हाड कातडीला टोचू लागले, तर थांबू नका, 108 ला फोन करा. फडावरच्या पंचांनी आणि वस्तादांनी एवढे जरूर करावे: जखमी पैलवानाचा हात कुणालाही ओढू देऊ नये.