बेचाळीस गुंठे

होस्टेलवर रात्री मेस सुटल्यावर ज्या विषयांवर वाद होतात त्यात 'गावाला काय पाहिजे' हा एक कायमचा विषय. आमच्या निलंग्याची चार पोरं एकत्र आली की गाडी क्रीडा संकुलावर येतेच. एक म्हणणार, आधी सिंथेटिक ट्रॅक पाहिजे. दुसरा म्हणणार, पाण्याची बोंब असताना ट्रॅक कसले करता? तिसरा आमच्याकडच्या खास बोलीत निकाल लावतो, "ग्राऊंड कशाला पायजे, रोडवर पळलालेत की पोरं!"

खरंच पळतात. पहाटे पाचला लातूर रस्त्यावर बघा. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. ही तयारी अंधारात, ट्रकच्या हेडलाईटमध्ये, डांबराच्या कडेने चालते. मुलं निदान पळतात तरी. मुलींना घरून त्या वेळी हायवेवर कोण पाठवणार? त्यामुळे मैदानाचा हा वाद हौसेचा नाही, पोटापाण्याचा आहे. म्हणून सिव्हिलचा विद्यार्थी या नात्याने मी जरा आकडे मांडून पाहिले.

आधी पैशांचं बघू. खेळ हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत टाकला आहे, म्हणजे मुख्य भार राज्याचा. महाराष्ट्राच्या 2001 च्या क्रीडा धोरणातून विभाग, जिल्हा आणि तालुका अशी संकुलांची उतरंड आली. तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 2009 मध्ये 1 कोटी झाली आणि 2022 मध्ये ती एकदम 5 कोटींवर गेली. केंद्राच्याही योजना येत गेल्या. 2008-09 मध्ये 'पायका', 2014 मध्ये राजीव गांधी खेल अभियान, त्यानंतर खेलो इंडिया. नावं बदलली, पण पैसा अगदीच नाही असं कुणी म्हणू नये.

अडतं ते जागेपाशी. अनुदानाचा भर बांधकामावर असतो, जमीन गावाने दाखवायची. आणि गावाजवळची जमीन म्हणजे प्लॉटिंग! शहराच्या विकास आराखड्यात 'खेळाचे मैदान' असं आरक्षण टाकलेलं असतं, नकाशात हिरवा चौकोन दिसतो आणि आपण खूश होतो. पण प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 127 वाचा. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरही ठरलेल्या मुदतीत (पूर्वी ती 6 महिने होती, मग 12, आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर 24) संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण आपोआप संपतं. नुसता पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगून टाकलं. यात मालकाची चूक नाही. त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवणार? पण मैदान मात्र गेलेलं असतं, आणि गेल्याचं पोरांना कळतसुद्धा नाही.

मग लोक म्हणतात, गायरान आहे की! तेही आता सोपं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर राज्य शासनाने 12 जुलै 2011 च्या निर्णयाने गायरान वाटपावर बंधनं आणली. सार्वजनिक कामासाठी, तेही दुसरी जागा नसेल तरच. शिवाय गायरान असतं गावाबाहेर, तिथे चरणाऱ्या जनावरांचाही हक्क आहेच. आणि गावापासून पाच किलोमीटरवर संकुल बांधलं तर सायकल नसलेली मुलगी तिथे जाणार कशी?

अंतराचा हा मुद्दा कोर्टापर्यंत गेलेला आहे. नवी मुंबईत घणसोलीला सुमारे 20 एकर जागा 2003 मध्ये शासकीय क्रीडा संकुलासाठी ठेवली होती. 2021 मध्ये शासनाने ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात करायचं, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर दूर! वास्तुविशारदांच्या संघटनेने जनहित याचिका केली आणि जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तिथे वास्तुविशारद भांडले. आमच्यासारख्या गावात कोण भांडणार, हा प्रश्न उरतोच.

आता आपल्या विषयाकडे येतो. 400 मीटरचा आठ लेनचा प्रमाणित ट्रॅक घ्या. सरळ बाजू 84.39 मीटर, त्रिज्या 36.50, लेन 1.22 मीटरची. बाहेरचं माप सुमारे 177 गुणिले 92.5 मीटर, म्हणजे चार एकर, ज्यात गॅलरी आणि पार्किंग धरलेलं नाही. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम भरून दाबला नाही तर वरचा महागडा थर दोन-तीन पावसाळ्यांत फाटेल. मधल्या फुटबॉल मैदानावर (105 गुणिले 68) हिरवळ ठेवायची, तर रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तरी साधारण 35,000 लिटर लागतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली त्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. म्हणजे त्या ऐतिहासिक गाडीत आमची हिरवळ दोन आठवडे जगली असती!

उलट 200 मीटरचा, चार लेनचा मातीचा ट्रॅक काढा. त्याला 88 गुणिले 48 मीटर जागा लागते, म्हणजे 42 गुंठे. आठ फेऱ्या मारल्या की 1600 मीटर, चार मारल्या की 800. आतल्या रिकाम्या जागेत खो-खोचं 27 गुणिले 16 चं मैदान बसतं, शेजारी कबड्डीचं 13 गुणिले 10 चंही. खो-खोला कमी समजू नका. शेजारच्या उस्मानाबादची (आता धाराशिव) सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती, 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि आमच्याच तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी, 1970 च्या एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. कुस्तीच्या आखाड्याला जागा लागते ती किती?

माझा इनडोअर हॉलला विरोध नाही. पण हॉलला कुलूप असतं, किल्ली कुणाकडे तरी असते, वीजबिल थकतं. कुंपण, दोन दिवे, मुलींसाठी स्वच्छतागृह, आणि रोज पाणी मारून रोलर फिरवणारा एक माणूस, एवढ्याची तरतूद आधी व्हावी असं मला वाटतं. त्या माणसाचा पगार कोणत्या डोक्याखाली टाकायचा यावर मात्र आमच्या रूममध्ये अजून एकमत नाही.

आखणी सोपी आहे. एकमेकींपासून 40 मीटरवर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला 19.10 मीटर दोरी बांधून बाहेरच्या अंगाने अर्धवर्तुळ फिरवा, टोकं सरळ रेषांनी जोडा, वर चुना टाका. टेप आणि चार पोरं असली की सर्व्हे प्रॅक्टिकलच्या एका तासात होतं. येत्या सुट्टीत नगर परिषदेत जाऊन आराखड्याचा नकाशा बघायचा, हिरवे चौकोन कुठे आहेत आणि त्यांची दहा वर्षं कधी भरतात ते लिहून आणायचं, असं आम्ही चौघांनी ठरवलंय.