गाडी पास, पण कशात?

जर्मनीत प्रत्येक गाडीच्या मागच्या नंबर प्लेटवर एक छोटं गोल रंगीत स्टिकर असतं. मधोमध वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि कडेने एक ते बारा महिने, पण घड्याळाच्या उलट क्रमाने. तपासणीची मुदत ज्या महिन्यात संपते तो आकडा वर येईल असं ते चिकटवतात. बारा या आकड्याभोवती एक जाड काळा पट्टा असतो. महिने उलटे मांडल्यामुळे मुदत मार्चची असेल तर हा पट्टा बरोबर घड्याळातल्या तीनच्या जागी येतो, सप्टेंबरची असेल तर नऊच्या. रंग दरवर्षी बदलतो: 2025 केशरी, 2026 निळा, 2027 पिवळा, असे सहा रंग पाळीपाळीने येतात. रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या पोलिसाला एकही आकडा वाचावा लागत नाही. रंग आणि काळ्या पट्ट्याची दिशा पाहिली की काम झालं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ जर्मन गाड्यांचे फोटो मोठे करून पाहत बसलो होतो.

ही शिस्त आली कुठून, हे शोधायला गेलं की वाट मोटारींच्याही आधीच्या काळात जाते. 1865 साली मानहाइम शहरातल्या एका बिअरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या कारखानदारांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि बॉयलर तपासायला स्वतंत्र इंजिनिअर नेमले. अशा संस्था मग जर्मनीभर उभ्या राहिल्या, आणि रस्त्यावर मोटारी आल्यावर त्या तपासायचं कामही त्यांच्याकडेच आलं. 1951 पासून तिथे ठरावीक मुदतीची तपासणी सक्तीची आहे: नव्या गाडीची तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी. म्हणून जर्मन तपासनीस आजही आधी ब्रेक, स्टिअरिंग, गंजलेली चासी पाहतो. फुटेल काय, तुटेल काय, हा त्याचा पहिला प्रश्न.

लॉस एंजेलिसचा पहिला प्रश्न वेगळा, कारण त्याचं दुखणं वेगळं. 1943 च्या जुलैमध्ये या शहरावर डोळे झोंबवणारं दाट धुरकं उतरलं. महायुद्धाचे दिवस होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही काहींना आली. कोडं सोडवलं आरी हागेन-श्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. त्याचा त्या वेळचा अभ्यासाचा विषय काय असेल? अननसाचा वास! फळाच्या वासातले सूक्ष्म घटक वेगळे करायची त्याची हातोटी शहराच्या हवेलाही लागू पडली. गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्याने दाखवून दिलं. ओझोन मोजायची त्या काळची एक पद्धत तर फार सुंदर होती. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला तडे जायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. जितक्या लवकर तडा, तितका ओझोन जास्त.

त्या शोधातून आलेला कॅलिफोर्नियाचा ‘स्मॉग चेक’ 1984 पासून चालू आहे. खासगी मोटारीचे ब्रेक तिथे ठरावीक मुदतीने तपासत नाहीत, फक्त प्रदूषण पाहतात. तेही 2000 नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना सायलेन्सरमध्ये नळी न घालता. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला वायर जोडतात आणि गाडीच्या संगणकालाच विचारतात. आदल्या रात्री बॅटरीची वायर काढून चुकांची नोंद पुसून टाकली, तर? संगणकात त्या नोंदींशेजारी दुसरी एक यादी असते: अमुक चाचणी पूर्ण, तमुक अपूर्ण. बॅटरी काढली की तीही कोरी होते. ती पुन्हा भरायला गाडी थंड इंजिनपासून सुरू करून, कधी सावकाश, कधी हायवेच्या वेगाने, बऱ्याचदा काही दिवस चालवावी लागते. कोरी यादी घेऊन आलेल्या गाडीला पास करत नाहीत.

मात्र संगणकाच्या शब्दावर किती विसंबायचं, हा प्रश्न 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण उघडकीला आल्यावर साऱ्या जगाला पडला. चाचणी चालू आहे हे ओळखून त्या गाड्यांचं सॉफ्टवेअर धूर तेवढ्यापुरता स्वच्छ करत होतं. 2018 पासून जर्मनीने प्रत्यक्ष सायलेन्सरमधून मोजणं सर्व गाड्यांना पुन्हा सक्तीचं केलं. आणि जुलै 2023 पासून नव्या पिढीच्या डिझेल गाड्यांच्या धुरातले कण मोजायला सुरुवात केली. वजन नाही, काळेपणा नाही, कणांची संख्या.

इथे जरा थांबायला हवं. डिझेलचा धूर तपासायची जुनी रीत म्हणजे धुरातून प्रकाश पाठवायचा आणि किती अडला ते पाहायचं. पण आधुनिक इंजिनाचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक असतात, ते प्रकाश फारसा अडवतच नाहीत. आतला फिल्टर फुटलेला असला तरी जुनं यंत्र ‘पास’ म्हणतं. मग हे कण मोजायचे कसे? एक पद्धत अशी: धूर अल्कोहोलच्या वाफेतून नेतात आणि गार करतात. प्रत्येक कणाभोवती अल्कोहोलचा थेंब धरतो, थेंब दिसण्याइतका मोठा होतो आणि लेझरसमोरून जाताना एकेक मोजला जातो. ढग तयार होताना हवेतल्या कणांभोवती पाण्याचे थेंब असेच धरतात. जर्मनीची मर्यादा एका घन सेंटिमीटरला अडीच लाख कण अशी आहे. फिल्टर धड असेल तर आकडा याच्या कितीतरी खाली राहतो.

ब्रिटनमध्ये 1960 साली ‘एमओटी’ चाचणी आली ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी. नापास गाड्या इतक्या निघाल्या की मर्यादा भराभर खाली आणावी लागली. 1967 पासून ती तीन वर्षांवर आहे. तिथले नियम वाचायला मजा येते. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, स्टिअरिंगच्या मध्याला धरून 290 मिलिमीटर रुंदीचा उभा पट्टा कल्पायचा. त्या पट्ट्यात काचेला 10 मिलिमीटरपेक्षा मोठा टवका असेल तर गाडी नापास. तोच टवका वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात असेल तर 40 मिलिमीटरपर्यंत चालतो. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट: नंबर टाकून कोणाही माणसाला कोणत्याही गाडीच्या मागच्या चाचण्यांचा निकाल इंटरनेटवर फुकट पाहता येतो. जुनी गाडी घेणाऱ्याला याहून मोठा आधार कोणता?

सगळेच पुढे जातात असंही नाही. टेक्सासने 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली. धुराची चाचणी मोठ्या शहरांभोवतीच्या काउंट्यांत उरली आहे. न्यू जर्सीने हेच 2010 मध्ये केलं. जपान मात्र ‘शाकेन’ या आपल्या गाडीतपासणीला घट्ट धरून आहे. तिथे गाडी एका सरकत्या पट्टीवरून सरळ नेतात, आणि एक मीटर जाताना चाक 5 मिलिमीटरहून जास्त बाजूला ओढलं तर ती परत पाठवतात.

आता आपल्याकडे. ट्रक, टॅक्सी, रिक्षा पासिंगला न्यावी लागते: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. खासगी मोटार किंवा स्कूटर मात्र एकदा रजिस्टर झाली की पंधरा वर्षं तिचे ब्रेक पाहायला कोणी सरकारी माणूस येत नाही. या पंधरा वर्षांत तिच्या वाट्याला येते ती फक्त पीयूसी, आणि तीही बहुधा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, गाडी जागेवर उभी करून. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. लॉस एंजेलिसला ज्यांनी छळलं त्या नायट्रोजनच्या ऑक्साइड्सचं माप या चाचणीत नाही. ते वायू इंजिनावर जोर पडतो तेव्हा जास्त तयार होतात. उभ्या गाडीतून त्यांचा अंदाजही लागत नाही. एप्रिल 2020 पासून आपल्या नव्या गाड्या बीएस-6 च्या, म्हणजे जवळजवळ युरोपच्याच तोडीच्या झाल्या. गाडी युरोपची आणि तपासणी जुनीच, हा मेळ बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर पुढची पीयूसी काढाल तेव्हा नळी खरोखर सायलेन्सरमध्ये आत घातली आहे का ते उतरून पाहा. बीएस-4 किंवा त्यानंतरची पेट्रोल मोटार असेल तर इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास नेऊनही मोजायचं असतं. तसं मोजलं का ते विचारा. आणि त्याच दिवशी गॅरेजमध्ये जाऊन ब्रेक आणि टायर स्वतःहून तपासून घ्या, कारण कायदा तुमच्याकडे ते पंधरा वर्षं मागणार नाही.