कृत्रिम क्षितिज

पानिपतजवळ काला अंब येथील स्मारकापाशी मराठी माणसास १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवल्यावाचून राहत नाही. विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी पाहून सेनापतीही पडले असे सैन्यास वाटले व त्याचा धीर सुटला, असे सांगितले जाते. एकाच खुणेवर सर्वस्वी विसंबणे आकाशातील प्रवासातही असेच घातक ठरते.

अंधाऱ्या रात्री समुद्रावरून जाताना वैमानिकास क्षितिज दिसत नाही, आणि शरीराची साक्ष फसवी असते. आपल्या कानाच्या आतल्या भागातील नलिकांमधील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला वळण समजते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले की द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि आपण सरळच जात आहोत असा भास होतो. म्हणून वैमानिकापुढे कृत्रिम क्षितिज नावाचे उपकरण असते. वेगाने फिरणारा भोवरा आपला रोख सोडत नाही, या तत्त्वावर ते उभे राहिले. विमान किती कलले आहे, हे त्यावरून कळते.

ते उपकरणच खोटे बोलू लागले तर? १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईस निघाले. किनाऱ्यापाशी उजवीकडे थोडे वळून ते पुन्हा सरळ झाले; परंतु कप्तानासमोरील उपकरण उजवा कल दाखवीतच राहिले. तो सावरण्यासाठी कप्तानाने विमान डावीकडे कलविले, आणि ते कलतच गेले. या उपकरणावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनियरने सुचविलेही. पण तोवर वेळ उरला नव्हता. उड्डाणापासून दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. त्यात २१३ जणांचा अंत झाला.

वास्तविक अशा विमानात तीन कृत्रिम क्षितिजे असतात: कप्तानाचे, सहवैमानिकाचे आणि एक राखीव. तिन्ही ताडून पाहावीत, दोहोंचे एकमत असेल ते खरे मानावे, आणि ज्याच्यासमोरील उपकरण शाबूत आहे त्याच्या हाती विमान सोपवावे, हा नियम आहे. बिघाडाचे कारण शोधणे नंतरचे. विमान सरळ ठेवणे आधीचे.

नियम सोपा असला तरी तो पाळण्यास कोणीतरी बोलावे लागते. २२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळील स्टॅनस्टेड येथे कोरियन एअरच्या मालवाहू ७४७ मध्ये हाच बिघाड झाला. धोक्याची घंटा वाजली, फ्लाइट इंजिनियरने विमान कलल्याचे सांगितले. पण शाबूत उपकरणासमोर बसलेला सहवैमानिक गप्पच राहिला. चौघेही प्राणास मुकले.

यंत्राइतकाच माणसांतील संवादही सुधारला पाहिजे, हे ओळखून अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७९ मध्ये परिषद भरविली होती. तेथून पुढे वाढलेले शिक्षण आता जगभरच्या वैमानिकांना घ्यावे लागते. शंका आली की कनिष्ठाने स्पष्ट शब्दांत सांगावे, न ऐकल्यास पुन्हा सांगावे, आणि प्रसंगी विमान स्वतःच्या हाती घ्यावे, असे त्यात शिकवितात. वरिष्ठासही ऐकून घेण्याचा सराव करावा लागतो. कप्तानाचा अधिकार यामुळे उणावत नाही. मागे बसलेल्या प्रवाशांच्या जिवासाठीच तर तो त्यास दिलेला असतो.